पूजेतला पाना

माझे वडील त्या दसऱ्याला मेले असते. हे वाक्य मी मनाशी कितीतरी वेळा म्हणून पाहिलं, पण ते काही जुनं होत नाही. ते मेले असते, मी भिंतीपलीकडे चहा पीत बसलेली असते, आणि त्यांना मारणारं मशीन मीच चालू केलेलं असतं. ते वाचले भांडी घासायच्या साबणामुळे. हे सांगितलं की लोक आधी हसतात. मीही दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं तर हसलेच असते.

आप्पांची सगळी नोकरी दौंडला रेल्वेत झाली. इंजिनांच्या शेडमध्ये फिटर. माझं लहानपण तिथल्या रेल्वे कॉलनीत गेलं; आमच्या घरात घड्याळापेक्षा गाड्यांच्या आवाजावर भरवसा जास्त. निवृत्त झाल्यावर ते राहूला, मूळ गावी, चुलत्यांच्या शेजारी जाऊन राहिले. झेंडूच्या वावरात खुरपं घेऊन बसून पाहिलं. पण ज्या हाताला जन्मभर वंगण लागलं तो हात फुलांत काय रमणार! पुढे आई गेली आणि मी त्यांना शिरूरला माझ्याकडे घेऊन आले. मी एकटीच राहते, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. आठवडाभरात घरातले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करून झाल्या, आणि मग ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू आता माझीच पाळी. म्हणून मी त्यांना कामावर न्यायला लागले.

काम म्हणजे रांजणगावच्या एमआयडीसीतलं एक भाड्याचं शेड. कंपनी नावाला मोठी, माणसं मोजून चार: मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, दोन ऑपरेटर, आणि केमिस्ट्रीत डॉक्टरेट करून पत्र्याखाली घाम गाळणारी मी. आजूबाजूच्या कारखान्यांत तीन-तीन शिफ्टमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनतात. आम्ही काय बनवतो ते चहावाल्यालासुद्धा एका दमात सांगता येत नाही. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जो आपण नाकावाटे सोडतो आणि चिमण्या धुरावाटे सोडतात, तो घ्यायचा आणि विजेच्या जोरावर त्याचा कार्बन मोनॉक्साइड करायचा. रसायनांच्या कारखान्यांना तो कच्चा माल म्हणून लागतो. सध्या आम्ही सिलिंडरमधला गॅस वापरतो. पुढेमागे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून जो फुकट आभाळात जातो तो पकडायचा, हे सरांचं स्वप्न.

अडचण एकच. हा मोनॉक्साइड विषारी असतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं घसा खवखवत नाही. बेतानं मिळाला तर डोकं दुखतं, मळमळतं. जास्त मिळाला तर झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस झोपतो. म्हणून मशीनमधून निघणारा गॅस एका जाड पाइपनं छपराच्या वर नेऊन सोडलेला होता, आणि भिंतीवर एक सेन्सर होता, जो जरासा अंश लागला तरी बोंब ठोकायचा. हे सगळं मी आप्पांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यांनी मान डोलावली. इंजिनाखाली जन्म काढलेल्या माणसाला धोका म्हणजे काय ते मी काय शिकवणार?

त्यांना नवल वाटायचं ते मशीनच्या गप्प बसण्याचं. धडधड नाही, थरथर नाही, तेलाचा वास नाही. पाण्याचा छोटा पंप, तोही आपल्या फ्रिजपेक्षा हळू कुजबुजणारा, आणि तो तर दिवसरात्र चालूच असायचा.

"चालू हाय का बंद हाय, कसं कळायचं गं?" ते विचारायचे.

"स्क्रीनवर बघायचं, आप्पा."

"मशीननं बोलाय पायजे. मुक्या जनावराला निदान डोळं तरी असत्यात."

मशीनच्या पोटात काय चालतं ते मी त्यांना स्वयंपाकघरात समजावलं होतं. श्रावणात मी अळूवडीसाठी पानं धूत होते. पानावरून पाण्याचे मणी टपाटप घरंगळत होते, पान कोरडंच. मी म्हटलं, आप्पा, आमच्या मशीनमधला काळा कागद असाच असतो. त्याच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला गॅस, आणि कागदावर चांदीचे बारीक कण. गॅस, पाणी आणि चांदी तिन्ही जिथं एकमेकांना टेकतात, तिथंच काम होतं. कागद भिजला, पाणी त्याच्या भोकांत शिरलं, की गॅसची वाट बंद. मग वीज त्या पाण्यालाच फोडत बसते आणि नुसता हायड्रोजन निघतो. म्हणून कागदाला असा लेप दिलेला असतो की पाणी त्याच्यावर मणी होऊन राहावं.

आप्पांनी पानावर थेंब टाकून पाहिला. "म्हंजी समदं काठावर हाय," ते म्हणाले. "पाण्यात बी न्हाई, कोरड्यात बी न्हाई." माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा पसारा त्यांनी एवढ्यात उरकला, आणि पानाच्या शिरा काढायला घेतल्या.

या कागदाचा शत्रू म्हणजे मीठ. पाण्यात आम्ही पोटॅशचा क्षार घालतो, तो हळूहळू पलीकडे पाझरतो आणि गॅसच्या वाटेत पांढरा थर होऊन बसतो. मी दिवसातून एकदा तरी त्या मिठाच्या नावानं शंख करायची. आप्पा आपल्या खुर्चीतून ऐकत असायचे. ही खुर्ची, प्लास्टिकची, त्यांनी स्वतः निवडलेल्या जागी होती: मशीनला लागून, त्या जाड पाइपाच्या जोडाखाली. तिथं पंख्याचं वारं लागतं म्हणे. पेपर वाचायचे, आणि वाचता वाचता मान छातीवर पडायची.

दसऱ्याला आम्ही नव्या, मोठ्या कागदांचं मशीन पहिल्यांदा चालवणार होतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, सरांनी पीएच.डी.वाल्या मुलीचं तोंड बघून जरा लाजत सांगितलं की नारळ फोडू. दोघे ऑपरेटर सणाला गावी गेले. खंडेनवमीच्या सकाळी मी सगळे जोड हातानं तपासले, सिलिंडर लावला, आणि रसायनं आणायला पुण्याला गेले. किल्ली आप्पांकडे.

आता खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा दिवस, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. शेतकरी नांगर-खुरपी धुतो, ट्रकवाला ट्रक धुतो. दौंडच्या शेडमध्ये त्या दिवशी इंजिनं अशी घासली जायची की नवरीनं लाजावं. हत्यारं पाटावर मांडायची, हळदकुंकू, फूल, नैवेद्य. आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर आपण त्याच्याकडून काम घेतो, तो एक दिवस त्याचा. हा नियम आप्पांनी आयुष्यात मोडल्याचं मला आठवत नाही.

दसऱ्याला सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. राहूहून चुलत्यांनी पाठवलेला उरलेला झेंडू आप्पांच्या मांडीवर. शेडमध्ये पोचलो आणि मी मशीनच्या खोलीत काचेतून पाहिलं तर ओळखू येईना. फरशी लख्ख, सिलिंडर लख्ख, मशीनला माळा, पाइपाला वरपर्यंत झेंडूचे वेढे. खाली पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड, हातोडी, सगळ्यांना कुंकू. मला खरंच भरून आलं. आप्पा आत गेले, दिवा लावला, आणि सर येईपर्यंत आपल्या खुर्चीत बसले. मी बाहेर केबिनमध्ये लॅपटॉप उघडला. म्हटलं सर येईपर्यंत मशीन स्थिरावलं तर आल्या आल्या त्यांना झकास आकडा दाखवता येईल. सिलिंडरचा व्हॉल्व्हही इथूनच उघडतो. मी चालू केलं. आवाज अर्थातच काही झाला नाही.

गॅस तपासणारं यंत्र माझ्या टेबलाशेजारी असतं. एक बारीक नळी मशीनमधून त्याला नमुना आणून देते. पहिला निकाल आला: कार्बन मोनॉक्साइड शून्य. मी म्हटलं, अजून वेळ आहे. दुसरा आला: शून्य. हायड्रोजनच हायड्रोजन. असं कधीच झालेलं नव्हतं. जुनापुराणा, मिठानं गच्च झालेला कागदसुद्धा थोडाफार मोनॉक्साइड देतो. माझा एक स्वभाव आहे, मशीन ऐकेना की मी वीज वाढवते. वाढवली. शून्य. आणखी वाढवली. शून्य. त्या शून्याला मी ज्या शिव्या दिल्या त्या आठवल्या की आज अंगावर काटा येतो.

शेवटी खुर्ची मागे ढकलली आणि तणतणत आत गेले. दार लोटलेलं होतं, पंखा बंद. आप्पांची मान छातीवर, पेपर मांडीवर, समोर दिवा तेवतोय.

"आप्पा! काल मशीनला काय केलंत?"

ते दचकून उठले आणि मग हसले. "कळलं व्हय तुला? म्हटलं आपसूक कळू दे. मीठ काढलं की समदं!"

"कसं काढलं?"

"वरचा पाइप सोडला आन् त्या तोंडातनं साबणाचं पाणी आत मारलं. चांगलं दोनदा. मंग साध्या पाण्यानं खळबळून हवा मारली. कसलं पांढरं पाणी निघालं म्हणतीस!"

साबण. मीठ तर नव्या कागदांत अजून साचलंच नव्हतं; पांढरा होता तो फेस. अळूच्या पानावर साबणाचं पाणी टाकून बघा: मणी होत नाहीत, पान सरळ भिजतं. आप्पांनी माझे सगळे नवे कागद तळापर्यंत भिजवून ठेवले होते. कित्येक महिन्यांचं काम लेकीला दसऱ्याची भेट म्हणून धुऊन टाकलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. ते पेपरची घडी घालत खाली मान घालून ऐकत होते. बोलता बोलता त्यांचेच दोन शब्द माझ्या डोक्यात मागाहून येऊन पोचले. पाइप सोडला.

"आप्पा, पाइप परत लावलाय ना?"

"न्हाई अजून." त्यांनी पाटाकडे बोट केलं. "पाना पूजेत गेला न्हवं का. पाइप वाळाय ठेवला, तवर पूजेची येळ झाली. कुंकू लावल्याला पाना कसा उचलायचा? आता नारळ फुटला की पयला त्योच जोड आवळतो. मशीन चालू करायच्या आदी लावणारच की."

मी वर पाहिलं. झेंडूच्या दोन वेढ्यांच्या मध्ये पाइप तुटक होता. खालचं उघडं तोंड त्यांच्या खुर्चीच्या वर, डोक्यापासून हातभर. भिंतीवर सेन्सरच्या जागी नुसता खिळा.

"सेन्सर?"

"पाणी उडंल म्हणून पिशवीत घालून कपाटात ठिवलाय."

माझी सगळी शिकलेली भाषा गळून पडली.

"आप्पा, मशीन चालू हाय."

"आँ?"

"कवाचं चालू हाय."

ते मशीनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा मशीनकडे. असा चेहरा मी त्यांचा आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता.

"आवाज कुठं हाय?" ते म्हणाले.

हायड्रोजन आणि पेटता दिवा, हे मला तेव्हा कुठे सुचलं. मी दिवा तोंडानं फुंकला. दसऱ्याचा, देवापुढचा दिवा. एरवी आप्पांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांच्या दंडाला धरून ओढत बाहेर आणलं, लॅपटॉपवरून मशीन बंद केलं, शटर वर केलं, आणि शेडबाहेरच्या कट्ट्यापाशी जाऊन मी ओकले. चूळ भरायला बाटलीचं झाकण मला उघडेना. ते आप्पांनी उघडून दिलं.

कट्ट्यावर बसून मी हिशेब जुळवला, आणि जसजसा जुळत गेला तसतशी जास्तच गार पडत गेले. कागद चांगले असते तर त्या उघड्या तोंडातून सगळा वेळ मोनॉक्साइड आला असता. दार लोटलेलं, कारण दिवा विझू नये. पंखा बंद, त्याच कारणानं. सेन्सर कपाटात, कारण तो भिजू नये. एकेक गोष्ट काळजीनं केलेली. निष्काळजीपणा त्यात औषधालाही नव्हता. आप्पा नेहमीसारखे डुलकी घेत होते, मी काचेतून दोनदा पाहिलंही होतं, आणि मनात म्हटलं होतं, झोपू दे बिचाऱ्यांना. मी अशीच बघत राहिले असते. स्क्रीनवरचा आकडा छान चढत गेला असता, मी खूश झाले असते, आणि सर नारळ घेऊन आले की मी आप्पांना उठवायला आत गेले असते.

साबणामुळे निघाला तो हायड्रोजन. तोही काही देवमाणूस नव्हे, दिव्याजवळ तर नव्हेच. पण हलका, वरच्या जाळीतून निघून गेला. ज्या शून्याला मी शिव्या घालत होते, वीज वाढवून वाढवून जे मोडायला बघत होते, ते शून्य म्हणजे माझा बाप जिवंत होता.

हे मी त्यांना तिथंच सांगितलं, सगळं. लपवायचा विचार मनात आला होता, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून धीर झाला नाही. ते समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माळा घातलेल्या गाड्या बघत राहिले.

"शेडमधी इंजिनाखाली शिरायच्या आदी आमी आपली लाल झेंडी लावायचो," ते म्हणाले. "ज्यानं लावली त्यानंच काढायची. ती दिसली की डायवर इंजिनाला हात लावत न्हाई. जन्मात इसरलो न्हाई, आन् काल लावली न्हाई." मग म्हणाले, "आन् तू शिट्टी मारली न्हाईस. शिट्टी मारल्याबिगर इंजिन हलवत न्हाईत, पोरी."

त्यात राग नव्हता. ते नुसतं दोघांच्या चुका शेजारी शेजारी मांडून बघत होते. तेवढ्यात सर आले, नवा सदरा, हातात नारळ. आम्हा दोघांना कट्ट्यावर बघून त्यांनी विचारलं, सुरू झालं का? मी सांगायला लागले, आणि नारळ त्यांच्या हातात तसाच राहिला. तो त्या दिवशी फुटलाच नाही.

काही आठवड्यांनी आप्पा जेवताना म्हणाले, "साबणालाच हळदकुंकू वाहिलं पायजे हुतं गं." मला हसवायला म्हणाले असावेत. मला हसू आलं नाही, आणि त्यांनाही ते पुरतं जमलं नाही.

ते शेडवर यायचे थांबतील असं मला वाटलं होतं. नाही थांबले. खुर्ची मात्र दाराजवळ आणली. सेन्सर आता स्क्रूनं भिंतीत बसवला आहे, आणि पाइपाला हात लावण्याआधी दारावर लावायचं लाल फडकं जोडापाशी हुकाला टांगलेलं असतं. यंदाच्या खंडेनवमीला त्यांनी सगळी हत्यारं पाटावर मांडली, कुंकू लावलं, आणि एक पाना पूजेत न ठेवता खिशात घातला.

आणि मी आता शिट्टी मारते, म्हणजे हाक मारते. मशीन चालू करायच्या आधी केबिनमधून ओरडते, "आप्पा, चालू करू?" आतून "व्हय" आलं की मगच बटणाला हात लावते. ऑपरेटर मनातल्या मनात हसत असतील. हसू देत.

परवा हाक मारली, उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. पुन्हा नाही. मशीन बंद होतं, सिलिंडर बंद होता, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी टेबलाला ठेचकाळत आत धावले. आप्पा दाराजवळच्या खुर्चीत नव्हते. ते पाइपाखाली स्टुलावर चढून उभे होते, खिशातला पाना हातात, आणि जोड आवळलाय का ते बोटानं चाचपत होते.

"'व्हय' का म्हणाला नाहीत?" मी किंचाळलेच.

"बघितल्याबिगर व्हय कसं म्हणू?" ते म्हणाले.

मी तिथंच दारात खाली बसले.